क्रिएटिनिन ३.८ : आत्ताचं की जुनं?

‘बाबांची किडनी फेल झाली, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात नेलंय.’ असा फोन आला की लोक क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) किती, एवढंच विचारतात. ३.८ म्हटलं की सगळे गप्प. पण आधी विचारायला हवं ते, हे ३.८ कधीपासून?

चार दिवसांत झालं असेल तर तो अक्यूट, म्हणजे अचानक झालेला प्रकार, रिपोर्टवर ‘एकेआय’ (अक्यूट किडनी इंज्युरी). ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने चढलं किंवा आठवड्याभरात दीडपट झालं, तरी डॉक्टर एकेआय म्हणतात. आपल्याकडे पावसात याचं एक ठरलेलं निमित्त लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग. पायाला चीर पडलेली, त्यात उंदरांच्या मुताने बाटलेल्या शेतातल्या पाण्यात लावणी. आठवडा-पंधरवड्यात ताप, लाल डोळे, पोटऱ्या हात लावू देत नाहीत आणि लघवी कमी. अशा वेळी डायलिसिस लागलं, तरी बहुतेकदा ते तात्पुरतं. ‘एकदा लावलं की जन्माचं’ या भीतीपायी नकार देऊ नये.

जन्माचं होतं ते सीकेडीच्या, म्हणजे किडनीच्या जुनाट आजाराच्या, शेवटच्या टप्प्यात. बिघाड तीन महिन्यांहून जुना, जीएफआर (किडनीचा रक्त गाळण्याचा वेग) ६० च्या खाली किंवा लघवीतून प्रथिनं जाताहेत, तर तो क्रॉनिक. मूळ बहुधा मधुमेह नाहीतर रक्तदाब. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात मात्र या दोन्हींपैकी काहीच नसलेल्यांनाही तो गाठतो, आणि त्याचं कारण अजून पक्कं झालेलं नाही.

गंमत म्हणजे क्रिएटिनिनच्या खालीच छापलेला जीएफआर एकेआयमध्ये फसवा ठरतो. तो आकडा क्रिएटिनिन स्थिर आहे असं धरून काढलेला असतो, आणि इथे तर ते रोज चढतंय. सोनोग्राफीत किडन्या आक्रसलेल्या दिसल्या तर दुखणं जुनं. पण मधुमेह्याच्या किडन्या आजार मुरल्यावरही आकाराने नॉर्मल दिसू शकतात. म्हणून कपाटातला गेल्या वर्षीचा रिपोर्ट आधी शोधा. त्याच्याइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही.

आणि कधीकधी दोन्ही एकत्र. सीकेडीचा पेशंट, क्रिएटिनिन १.९ वर टिकलेलं. जुलाब झाले, त्यात कंबर दुखते म्हणून फार्मसीतून पेनकिलर आणून खाल्ल्या, आकडा ३.८. उपचारांनी तो २ च्या आसपास आला, तर डॉक्टर घरी सोडतात. ‘अजून नॉर्मल कुठे झालंय?’ म्हणून त्यांच्याशी भांडू नये, नॉर्मलमधलं ०.९ त्याच्या रिपोर्टात आधीही नव्हतंच.