धोतरा, डोळ्यातले थेंब आणि वाढता नंबर

श्रावणी सोमवारी ओंकारेश्वराच्या देवळाबाहेर बेलासोबत धोतऱ्याची फुलं, फळंही वाहायला मिळतात. "हात धू आधी, डोळे चोळू नकोस," हे आमच्या आजीचं ठरलेलं वाक्य. आजीचं बरोबर होतं. धोतऱ्याचा रस डोळ्यात गेला तर बाहुली मोठी होते आणि बराच काळ तशीच राहते, कारण त्यात ॲट्रोपीन आणि त्याची भावंडं असतात. तेच ॲट्रोपीन, अगदी पातळ करून, हल्ली लहान मुलांच्या डोळ्यांत रोज रात्री घालतात. चष्म्याचा नंबर भराभर वाढू नये म्हणून.

माझा भाचा त्यांतलाच. कोथरूड, इयत्ता चौथी, नंबर उणे अडीच. ताई बाटली दिव्यासमोर धरून म्हणाली, "०.०१ टक्के? म्हणजे दहा हजारांत एक भाग. एवढ्यानं काय होणार?"

या प्रश्नानं संशोधकांनाही बरंच पळवलंय. मायनस नंबरात बहुतेक वेळा डोळ्याचा गोळाच मागच्या बाजूला लांबतो, त्यामुळे प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. सिंगापूरमध्ये ४०० मुलांपैकी निम्म्यांच्या एकेका डोळ्यात १ टक्का ॲट्रोपीन, तर बाकीच्यांच्या डोळ्यात औषधाविना थेंब दोन वर्षं घातले. २००६ साली निष्कर्ष आले: नंबर वाढण्याचा वेग सुमारे तीन चतुर्थांशानं घटला. पण बाहुली सताड उघडी, उन्हात डोळे दिपणार, जवळचं वाचायला त्रास. वर, थेंब थांबवल्यावर नंबरानं उसळी मारली.

मग ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्के अशा मात्रा तपासल्या. शेवटचीकडून फारशी अपेक्षाच नव्हती. पण थांबवल्यावर उसळी सर्वांत कमी तिचीच, आणि त्रासही नगण्य. झालं, ०.०१चं नाव जगभर गाजलं. इथे जरा घाईच झाली असं मला वाटतं. त्या चाचणीत नुसत्या, औषधाविना थेंबांचा गट नव्हता, आणि डोळ्याची लांबी तर फारशी आटोक्यात आली नव्हती. हाँगकाँगच्या संशोधकांनी तो गट घेतला. २०१९ साली आकडे आले: वर्षभरात ०.०५ टक्क्यानं नंबरवाढ ६७ टक्के रोखली, ०.०२५नं ४३, ०.०१नं २७. २०२३मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत तर ०.०१ आणि नुसते थेंब यांत फरकच दिसला नाही.

औषध नेमकं कुठे काम करतं, हे कोडंही मजेशीर आहे. आधी वाटायचं, ते डोळ्याच्या भिंगाचा स्नायू सैल करतं, म्हणून उपयोग होतो. पण कोंबडीच्या पिल्लांत या स्नायूवर ॲट्रोपीनचा परिणाम होत नाही, तरी त्यांचा डोळा लांबायचा थांबतो! म्हणजे संशयाची सुई पडद्याकडे किंवा त्यामागच्या थरांकडे वळते.

ताई पुढच्या तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी मात्रेआधी वेगळंच विचारलं: "हा रोज बाहेर किती वेळ खेळतो?" चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर मिळाली. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना.

भाच्याच्या वेळापत्रकात खेळाचा तास आठवड्यातून दोनदा आहे. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो.