जुनं आउटबोर्ड इंजिन: दोरी ओढण्याआधी वाचा

बोटीच्या मागे लावायचं, वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून असलेलं इंजिन बाहेर काढलं की पहिला मोह होतो तो दोरी ओढून बघण्याचा. कृपया थांबा. पडून राहिल्यामुळे इंजिनाचं जेवढं नुकसान झालेलं नसतं, तेवढं कधीकधी पहिल्या पाच मिनिटांत होतं. ही माहिती मुख्यतः कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे, कारण दुरुस्तीला येणारी जुनी इंजिनं बहुतेक तीच असतात.

आधी गिअर न्यूट्रलला आणा. गिअरमध्ये असताना बऱ्याच मॉडेलांची दोरी मुद्दाम अडकवलेली असते आणि लोकांना वाटतं इंजिन जाम झालं. न्यूट्रलमध्येही फ्लायव्हील (दोरी ओढल्यावर फिरणारं वरचं चाक) फिरत नसेल तर जोर लावू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल थोडं सोडा आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्या. मग फ्लायव्हील हाताने हळूहळू हलवून बघा, तेही नेहमीच्या दिशेनेच. उलटं फिरवलं तर खालच्या पाण्याच्या पंपातल्या रबरी पात्या मोडू शकतात.

इंजिन मोकळं फिरायला लागलं की आम्ही सगळ्यात आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजतो, कारण पुढचा खर्च करायचा की नाही हे त्यावरच ठरतं. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडलेल्या, आणि प्रत्येक सिलिंडरला दोरीचे सारखेच झटके. बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांत 100 ते 130 पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास आकडा येतो. काही लहान, जुन्या इंजिनांत तो मुळातच कमी असतो. त्यामुळे नुसत्या आकड्याला घाबरू नका. सिलिंडरांमधला फरक बघा. 10 ते 15 टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर रिंगा, पिस्टन किंवा हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी गेलेलं आहे. अशा वेळी आम्ही ग्राहकाला काम पुढे नेण्याआधी विचारतो. कार्ब्युरेटर चकाचक करून आणि नवे प्लग घालून खरवडलेला सिलिंडर बरा होत नाही.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, तपासायची. त्याआधी इमर्जन्सी स्टॉपची क्लिप जागेवर आहे का बघा. हसू नका, करंट नाही म्हणून आलेल्या इंजिनात आम्ही सुरुवात तिथूनच करतो. स्पार्क टेस्टरवर निळी, टचकन उडणारी ठिणगी हवी. पिवळी, अशक्त ठिणगी दिसली तर तडकलेली कॉइल किंवा फ्लायव्हीलखालच्या पॉइंटवर चढलेला गंज यांवर संशय घ्या. तपासताना प्लगच्या उघड्या भोकाजवळ ठिणगी पाडू नका. आतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

आता पेट्रोल, आणि बहुतेक दुखणी इथेच सापडतात. टाकीतलं जुनं पेट्रोल उपयोगाचं नाही, नव्यात मिसळूनही नाही. त्याचा हलका भाग उडून जातो आणि उरलेला कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात) डिंकासारखा चिकटतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि नळी नेमकी तिथूनच ओढते. सोपी चाचणी अशी: ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल अगदी थोडं प्लगच्या भोकातून सोडा, प्लग लावा, इंजिनाचा खालचा भाग पाण्यात ठेवा आणि इंजिन सुरू करा. दोन-तीन सेकंद चालून बंद पडलं तर करंट आहे, कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल मात्र पोचत नाही. मग नळी, हातपंपाचा रबरी फुगा, फिल्टर, फ्युएल पंपाचा पडदा आणि शेवटी कार्ब्युरेटर, असं क्रमाने बघत जा. दाबून दाबूनही फुगा कडक होत नसेल तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेला आहे. कार्ब्युरेटर खोललात तर जेटमध्ये तार घालू नका. भोक किंचितही मोठं झालं की मिश्रण बिघडतं.

ऑइलचं प्रमाण अंदाजाने ठरवू नका. पुष्कळ टू-स्ट्रोक इंजिनांना 50:1 (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) चालतं, पण फार जुन्यांना 24:1 किंवा त्याहून जास्त ऑइल लागतं. कमी ऑइलने पिस्टन घासतो, जास्तीने फक्त धूर वाढतो आणि प्लग काळे पडतात. शंका असेल तर मॉडेल नंबरावरून आम्ही सांगू.

पाण्याशिवाय इंजिन चालवू नका, काही सेकंदही. पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) पाण्यावरच थंड आणि ओला राहतो. कोरडा फिरला की लगेच घासून जळतो. खूप वर्षं बंद असलेल्या इंजिनाचा इम्पेलर आम्ही न विचारता बदलण्याच्या यादीत धरतो, कारण त्याच्या पात्या एकाच बाजूला वाकून कडक झालेल्या असतात. एखादी पाती तुटलेली सापडली तर तो तुकडाही शोधावा लागतो, नाहीतर तो वर जाऊन पाण्याची वाट अडवतो. इंजिन सुरू झाल्यावर मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार यायला हवी. येत नसेल तर इंजिन बंद करून आधी त्या भोकात बारीक तार घालून बघा. माती किंवा किड्याचं घर निघालं तर काम स्वस्तात झालं.

खालच्या गिअर केसचं ऑइल काढणं अगदी सोपं आहे. ते दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरलंय. चुंबकी स्क्रूवर बारीक करडी पेस्ट चालते, टोचणारे कण चालत नाहीत. नवं ऑइल खालच्या भोकातून वर भरा, म्हणजे आत हवा राहत नाही.

दुरुस्तीला आणताना टाकी आणि नळीही बरोबर आणा. दोष इंजिनात नसून त्यांत असला तर आमच्या टाकीवर तो दिसणारच नाही. वरून धुऊन, रंगवून आणू नका, गळतीच्या खुणा आम्हाला उपयोगी पडतात. आणि इंजिन पाण्यात बुडालं असेल तर वाट न बघता त्याच दिवशी आणा. निघेपर्यंत ते गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवा, कारण हवा लागली की आतला गंज झपाट्याने सुरू होतो.