कीवर्ड टॅग भरल्याने वाचक वाढत नाहीत
प्रवासविषयक वेबपानाच्या कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे कोडमधील वाचकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या नोंदीत, शब्दांची जंत्री भरली की ते गूगलवर वर येते आणि जाहिरातींचे उत्पन्न वाढते, हा समज अजूनही हिरिरीने सांगितला जातो. वस्तुतः वेबशोधाच्या क्रमवारीसाठी हा टॅग विचारात घेत नसल्याचे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. तेथे ‘हरिहर किल्ला, हरिहरगड, हरिहर ट्रेक’ असे कितीही घोळवले (पैसे घेऊन ते भरून देणारेही आहेत!), तरी क्रमांक तसूभर हलत नाही. याउलट निरगुडपाड्याहून चढावे की हर्षेवाडीहून, कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या पावसाळ्यात कितपत निसरड्या होतात, हे मजकुरात नेमकेपणाने आले असेल, तर नेमके तेच शोधणारा वाचक तेथे पोहोचू शकतो. वर्णनाचा टॅग, म्हणजे पानाचा थोडक्यात सारांश देणारी कोडमधील नोंद, मात्र नीट लिहावा, कारण क्रमवारी ठरवत नसला तरी तो शोधनिकालात शीर्षकाखाली दिसू शकतो.