धबधब्यासाठी पोलरायझर की एनडी?

पानगळीच्या जंगलातल्या धबधब्याच्या चांगल्या फोटोत दोन गोष्टी लगेच नजरेत भरतात: पाण्याच्या लांब, मऊ धारा आणि पानांचे गर्द रंग. दोन्हींचं श्रेय सरसकट ‘लेन्सवरच्या काळ्या काचेला’ दिलं जातं आणि तिथेच घोळ होतो. पोलरायझर आणि एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) फिल्टर हातात घेतले तर सारखेच वाटतात. दोन्ही गोल, करडे, लेन्सच्या पुढे फिरवून बसवायचे. दोन्हींमुळे प्रकाश कमी होतो, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. त्यामुळे धबधबा म्हटलं की एनडी, असं समीकरण होऊन बसलंय. माझं मत उलट आहे. जंगलात आधी पोलरायझर लावावा आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबावं.

एनडीचं काम सरळ आहे. तो सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच अडवतो. एनडी ८ म्हणजे ३ स्टॉप, एनडी ६४ म्हणजे ६, एनडी १००० म्हणजे साधारण १०. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून पाव सेकंदाचं एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) एनडी ८ मुळे २ सेकंदांवर, एनडी ६४ मुळे १६ सेकंदांवर आणि एनडी १००० मुळे चार मिनिटांच्या पुढे जातं. तो वेळ वाढवून देतो. दृश्यात दुसरा कोणताही बदल करत नाही, निदान करू नये. प्रत्यक्षात गडद एनडीमुळे फोटोवर रंगाची झाक चढते. मग व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) नीट करावा लागतो आणि पिवळ्या-तांबड्या पानांच्या बाबतीत ते जिकिरीचं होतं.

पोलरायझर प्रकाशाची निवड करतो. ओलं पान, भिजलेला खडक, डोहाचं पाणी यांच्यावर आभाळाचा पांढुरका उजेड चमकत असतो आणि त्या चकाकीखाली पानाचा खरा रंग झाकला जातो. असा परावर्तित प्रकाश बराचसा एकाच दिशेने कंप पावतो. पोलरायझरची कडी फिरवली की तो अडतो आणि खालचा केशरी, तांबडा, शेवाळी रंग उघडा होतो. हे व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यांदेखत घडतं. पण कोन जमायला हवा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं तर चकाकी जवळजवळ पूर्ण जाते. सरळ वरून पाहिलं किंवा कॅमेरा अगदी पाण्याला टेकवला तर फारसा फरक पडत नाही. म्हणून ट्रायपॉडची उंची ठरवताना नुसती चौकट बघून भागत नाही, त्या उंचीवरून कोणती चमक जाईल आणि कोणती राहील हेही बघावं लागतं. फ्रेमच्या कोपऱ्यातला चकाकणारा एक खडक नजर धबधब्यावरून खेचून नेतो. तो खडक शांत झाला की रचना आपोआप सुटसुटीत होते.

वेळेचं गणितही पोलरायझरच्या बाजूने आहे. ढगाळ दिवशी, दाट झाडीखाली, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला शटर सहज पाव सेकंदाच्या आसपास येतं. पोलरायझर आणखी दीड ते दोन स्टॉप खातो, म्हणजे झालं जवळपास एक सेकंद. पाव ते एक सेकंदाच्या या पट्ट्यात पाणी मऊ होतं, तरी त्याच्या धारा वेगळ्या ओळखू येतात. एनडी लावून १६ सेकंदांवर गेलं तर त्या जागी एक सपाट पांढरा पट्टा उरतो आणि वाऱ्याने हललेली प्रत्येक फांदी पुसट होते.

पुढे कॉम्प्युटरवर काय दुरुस्त होतं, हाही फरक महत्त्वाचा आहे. एनडीचा परिणाम बराचसा नंतर मिळवता येतो: ट्रायपॉडवरून पाव सेकंदाच्या १६ फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढली की पाणी साधारण ४ सेकंदांच्या एक्स्पोजरसारखं दिसतं. चकाकीचं तसं नाही. तिने झाकलेला रंग फाइलमध्ये नोंदलेलाच नसतो. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवलं तर चकाकीच रंगते आणि पानं प्लॅस्टिकची वाटू लागतात. पोलरायझरने काढलेल्या रॉ फाइलला (कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ फाइलला) फार कमी लागतं. हायलाइट (सर्वांत उजळ भाग) थोडे खाली ओढून पाण्यातला तपशील परत आणायचा, हिरव्या रंगाचा ह्यू (छटा) जरासा पिवळ्याकडे न्यायचा, फ्रेमच्या कडा किंचित गडद करायच्या.

मात्र कडी नेहमी टोकापर्यंत फिरवू नये. डोहात वरच्या केशरी झाडांचं प्रतिबिंब पडलं असेल तर पूर्ण फिरवलेला पोलरायझर तेही पुसून टाकतो आणि खाली नुसता काळा तळ दिसतो. तुषारांमध्ये इंद्रधनुष्य असेल तर कडीच्या एका स्थितीत ते चक्क नाहीसं होतं. अशा वेळी अर्ध्यावर थांबावं. कॅमेरा आडव्याचा उभा केला की कडी पुन्हा जुळवायची, हे तर विसरूच नये.

एनडी खरोखर लागतो तो दोन प्रसंगी. एक म्हणजे ऊन आत आलेलं असताना. दुसरा मला फार आवडतो: धबधब्याखालच्या भोवऱ्यात गळलेली पानं गरगरत असतात, आणि १० ते ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्यांची रंगीत वलयं उमटतात. डोळ्यांना ती कधीच दिसत नाहीत. तिथे एनडी ६४ लावावा, त्याच्या पुढे पोलरायझर, म्हणजे कडी हाताशी राहते. वाइड लेन्सवर दोन काचा लावल्या तर चारही कोपरे काळे पडलेत का ते तपासावं. झाडांसाठी फिल्टर न बदलता, आयएसओ वाढवून एक वेगवान फ्रेम घ्यावी आणि नंतर तिच्यातली स्थिर पानं मूळ फोटोत मिसळावीत.

या घोळात व्हेरिएबल एनडी आणखी भर घालतो, कारण तो आतून दोन पोलरायझरच असतो. त्याची कडी फिरवली की काळोखी बदलते आणि सोबत चकाकीही बदलते, पण दोन्ही हव्या तशा एकाच वेळी जुळतील याची खात्री नसते. शिवाय वाइड लेन्सवर काळोखी वाढवत नेली की फोटोवर फुलीसारखा काळा डाग येतो. जंगलातल्या धबधब्यासाठी पोलरायझर आणि ६ स्टॉपचा साधा एनडी असे दोन वेगळे फिल्टर बॅगेत ठेवणं जास्त बरं.