पिशवी तपासली, माणूस राहिला : हिपॅटायटीस सी आणि आरोग्यसेवेची जबाबदारी

पार्श्वभूमी

हिपॅटायटीस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार आज बरा होतो. बहुतेक रुग्णांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, त्यानंतर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांच्या रक्तात विषाणू सापडत नाही, आणि या गोळ्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठरलेल्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे ५५ लाख लोकांना या विषाणूची जुनाट लागण होती. त्यांतील बहुतेकांना हे ठाऊक नसते, कारण यकृत पुरते आकसून पोटात पाणी होईपर्यंत हा आजार वीस-वीस वर्षे काही जाणवू देत नाही. लोकांना माहिती नाही, म्हणून जनजागृती हवी, असे दरवर्षी २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटीस दिनी, सांगितले जाते. ते खोटे नाही, परंतु या अज्ञानामागे काही प्रशासकीय निर्णय आहेत आणि काही न घेतलेले निर्णयही आहेत. मुंबईपुरते बोलायचे तर त्यांचा माग १९८६ पर्यंत जातो.

त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून आलेल्या त्या द्रवात कारखान्यात वापरले जाणारे विषारी डायएथिलीन ग्लायकॉल होते. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या एकसदस्यीय आयोगाने केलेल्या चौकशीत निविदा कशी मंजूर झाली, चाचणी प्रयोगशाळेने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, परवाने देणारे प्रशासन कोणाच्या सांगण्यावरून झुकले, हे सारे चव्हाट्यावर आले, आणि खरेदी विभागापासून मंत्र्यांपर्यंत सर्वांवर ताशेरे ओढले गेले. सार्वजनिक रुग्णालयातील मृत्यू ही केवळ वैद्यकीय घटना नसते, तिच्यामागे सही करणाऱ्यांची एक साखळी असते, हे या शहराने तेव्हा प्रथमच इतके स्वच्छ पाहिले. कावीळ आणि रक्ताच्या इतिहासात ही हकिकत उपरी वाटेल. पण आपल्या कायद्यानुसार माणसाचे रक्त हेही ‘औषध’च आहे. रक्तपेढीला परवाना औषध कायद्याखाली लागतो आणि तिच्या तपासणीची जबाबदारी राज्याच्या औषध प्रशासनावरही असते. म्हणजे ग्लिसरॉलच्या वेळी जी यंत्रणा उघडी पडली, तीच पुढे रक्ताच्या राखणीला होती.

हिपॅटायटीस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. तोपर्यंत रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या ज्या काविळीत हिपॅटायटीसचा ए किंवा बी प्रकार सापडत नसे, तिला ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणत. १९९० मध्ये प्रतिपिंडांची चाचणी बाजारात आली. त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडा यांनी दान केलेले रक्त तपासायला सुरुवात केली. ब्रिटनने सप्टेंबर १९९१ पर्यंत वेळ घेतला. भारतात ही चाचणी रक्ताच्या प्रत्येक पिशवीसाठी सक्तीची झाली ती २००१-०२ मध्ये. मधल्या सुमारे अकरा वर्षांवर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे जरा थांबून पाहणे आवश्यक आहे.

या दिरंगाईच्या समर्थनार्थ मांडले जाणारे मुद्दे अगदीच पोकळ नाहीत. चाचणीचे संच आयात होत आणि महाग पडत. पहिल्या पिढीच्या चाचण्या निरोगी दात्यालाही बाधित ठरवत. देशात लागण किती, याचा अंदाज कोणाकडेच नव्हता. त्यातच एचआयव्हीचे संकट दारात उभे होते. त्याची चाचणी १९८९ पासून सक्तीची झाली होती आणि परदेशी निधी, कर्मचारी, स्वतंत्र यंत्रणा हे सगळे त्या दिशेने वाहत होते. मुंबई तर त्या साथीचे मोठे केंद्र होती. शिवाय तेव्हाच्या रक्तपुरवठ्याचा मोठा भाग पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर चालत असे, आणि आणखी एक चाळण लावली तर रक्तच अपुरे पडेल, ही भीती व्यवस्थापनांना खरोखरच होती. १९९२ मध्ये रक्तपेढ्यांच्या अवस्थेविषयी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि ४ जानेवारी १९९६ च्या निकालाने विनापरवाना रक्तपेढ्या बंद करण्याचे, तसेच दोन वर्षांत रक्तविक्री संपवण्याचे आदेश दिले. १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. पाया घातल्याशिवाय मजला चढवता येत नाही, असा हा युक्तिवाद आहे.

तरीही तो पुरेसा पटत नाही. ज्या दात्यांच्या रक्तात हा विषाणू असण्याची शक्यता सर्वाधिक, तेच पैसे घेऊन पुन्हा पुन्हा रक्त देणारे दाते पुरवठ्यात होते, तेव्हाच चाचणीची गरज सर्वात मोठी होती. सर्वांसाठी परवडत नव्हती, तर निदान ज्यांना आयुष्यभर रक्त लागते त्यांच्यासाठीच्या पिशव्यांपासून आरंभ करता आला असता. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. वर्षाकाठी वीसेक पिशव्या आणि प्रत्येक पिशवीमागे वेगळा दाता, हा हिशेब डॉक्टरांना तेव्हाही माहीत होता. देशातील काही रक्तपेढ्यांनी नियमाची वाट न पाहता नव्वदच्या दशकातच चाचणी सुरू केली होती. बाकीच्यांनी ती केली नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने दोघांचेही बरोबरच होते. कोणत्या रुग्णाला तपासलेले रक्त मिळाले आणि कोणाला न तपासलेले, हे त्या दशकात त्याच्या नातेवाइकांनी कोणत्या रक्तपेढीच्या खिडकीपाशी रांग लावली यावर ठरत होते.

पण चाचणीच्या तारखेहून मोठा प्रश्न पुढे आहे. २००१-०२ नंतर पिशवी सुरक्षित झाली, असे मानू. त्याआधी ज्यांना न तपासलेले रक्त मिळाले, त्यांचे काय? बाधित दाता सापडला की त्याने पूर्वी दिलेले रक्त कोणाला गेले ते शोधून त्या माणसाला बोलावून तपासणे, ही पद्धत ब्रिटनने १९९५ मध्ये राबवली. ती अपुरी होती, उशिरा होती, आणि मे २०२४ मध्ये तिथल्या सार्वजनिक चौकशीच्या अंतिम अहवालाने सरकार व आरोग्यसेवा दोघांनाही त्याबद्दल धारेवर धरले. तरी ती झाली. कॅनडात १९९७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि १९९८ मध्ये १९८६ ते १९९० या काळात लागण झालेल्यांनाच भरपाई देण्याचे ठरले. एकाच रुग्णालयात, एकाच आजाराने, पण सहा महिने आधी रक्त घेतलेल्याला काहीच का नाही, यावरून तिथे आठ वर्षे वाद चालला आणि २००६ मध्ये सरकारला वगळलेल्यांनाही भरपाई देणे मान्य करावे लागले. आपल्याकडे अशी शोधमोहीम झाली नाही. भरपाईचा प्रश्न तर निघालाच नाही, कारण भरपाई मागणाऱ्याला आधी आपण बाधित आहोत हे कळावे लागते.

येथे एक तांत्रिक नियम आडवा येतो. औषध नियमांनुसार रक्तपेढीने आपल्या नोंदी पाच वर्षे जपायच्या असतात. दाता क्रमांक, पिशवी क्रमांक, रुग्णाचे नाव, वॉर्ड आणि दिल्याची तारीख एका ओळीत असलेली जाड बांधणीची नोंदवही हाच दाता आणि रुग्ण यांच्यातला एकमेव दुवा असतो. चाचणी सक्तीची झाली तेव्हा १९९५ पूर्वीच्या नोंदी रद्दीत घालायला कायद्याची मोकळीक होती, आणि आणखी पाच वर्षांनी त्या साऱ्या अकरा वर्षांच्या नोंदींना कायद्याचे संरक्षण उरले नाही. कोणी मुद्दाम काही लपवले, असा याचा अर्थ नव्हे. मात्र विषाणू वीस वर्षे गप्प राहतो आणि नोंद पाच वर्षांत निकाली निघते, या दोन्ही गोष्टी ठाऊक असूनही ती मुदत वाढवण्याचा निर्णय झाला नाही, आणि माझ्या मते उत्तरदायित्वाचा खरा प्रश्न चाचणीच्या खर्चात नसून या मुदतीत आहे.

दात्याच्या बाजूनेही हीच गत. पिशवी बाद होते तेव्हा एका धडधाकट माणसाचे निदान झालेले असते. लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळाच्या शिबिरात रक्त देऊन, चहा-बिस्कीट घेऊन, प्रमाणपत्र खिशात घालून घरी गेलेल्या तरुणाला पुन्हा बोलावून समजावणे आणि उपचार केंद्राशी जोडून देणे, हे जनजागृतीच्या कोणत्याही फलकाहून अधिक उपयोगाचे काम आहे. चाचणी रक्ताच्या सुरक्षिततेसाठी सक्तीची झाली. तिचा निकाल दात्यापर्यंत पोहोचवण्याची निकड तेवढी कधी भासली नाही.

न्यायालयीन मार्गाची मर्यादाही याच काळातली आहे. सर्वस्वी मोफत उपचार देणारी रुग्णालये ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. काही रुग्णांकडून शुल्क घेतले जात असेल, तर मात्र तिथले मोफत रुग्णही त्या कायद्याचा आधार घेऊ शकतात. सरकारी रुग्णालयातील हलगर्जीपणाची भरपाई राज्याने द्यावी, हे १९९६ मध्ये औरंगाबादच्या एका प्रकरणात स्पष्ट झाले. त्या प्रकरणातील शस्त्रक्रिया १९६३ ची होती, पोटात कापड राहून गेले होते. तेहतीस वर्षांनी निकाल लागला, तोही कापड प्रत्यक्ष सापडले होते म्हणून. विषाणू कोणत्या पिशवीतून आला, हे सिद्ध करणारे तसे काहीच हाती नसते.

उपचारांचा इतिहास त्या मानाने वेगाने पालटला. इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत, खर्च लाखांत जाई, आणि गुण येण्याची शक्यता निम्मी. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या हिपॅटायटीस सीवरच्या नव्या औषधाला मान्यता मिळाली तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय उत्पादकांना परवाने दिले, २०१५ पासून इथे बनलेल्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. पेटंटचा अर्ज जानेवारी २०१५ मध्ये फेटाळला गेला आणि मे २०१६ मध्ये मंजूर झाला. पंजाबने २०१६ मध्येच आपल्या रुग्णांना मोफत औषधे द्यायला सुरुवात केली. देशाचा कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आणि त्याचा कृती आराखडा फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईतच, रक्तातून हिपॅटायटीस बी झालेल्या एका लोकप्रिय अभिनेत्याच्या उपस्थितीत जाहीर झाला. २०३० पर्यंत हिपॅटायटीस सीचे उच्चाटन, हे त्याचे उद्दिष्ट आहे.

मुंबईत या उद्दिष्टाची गाठ एका जुन्या गुंत्याशी पडते. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने रोगप्रसार रोखणे आणि सार्वजनिक रुग्णालये चालवणे ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरवली. संविधानाने आरोग्य हा विषय राज्याकडे दिला. जे. जे. वैद्यकीय शिक्षण खात्याचे, केईएम, सायन आणि नायर पालिकेची, रक्तपेढीवर देखरेख राज्याच्या औषध प्रशासनाची, कार्यक्रमाचा आराखडा आणि निधी केंद्राचा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या संस्थांतील उपचार मोफत केले, तेव्हा पालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, म्हणजे सामान्य मुंबईकराची मोठी रुग्णालये, त्या निर्णयात आली नाहीत. हिपॅटायटीसची गोळी मोफत, पण तिच्याआधी लागणाऱ्या एखाद्या चाचणीसाठी ‘बाहेरून करून आणा’ अशी चिठ्ठी हाती पडली, तर तक्रार कोणाकडे करायची याचे सरळ उत्तर मिळत नाही.

जनजागृतीतही हा विस्कळीतपणा उतरला आहे. पावसाळ्यात पालिका मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो यांच्या जोडीने हिपॅटायटीसचे आकडे जाहीर करते. ते ए आणि ई प्रकारांचे, दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे असतात. पाणी उकळून प्या, उघड्यावरचे खाऊ नका, हा सल्ला त्या प्रकारांना लागू पडतो आणि सी प्रकाराला अजिबात नाही. तो रक्तातून, पुन्हा वापरलेल्या सुईतून, नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांतून पसरतो. डोळे पिवळे झाले तर चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ ‘उतरवून’ घेणारे आजही भेटतात, आणि पाण्यातून झालेली कावीळ बहुधा आपोआप बरी होत असल्याने त्यांचा विश्वास पक्का होतो. सी प्रकारात डोळे पिवळे होतीलच असे नाही, हे सांगणारा मजकूर पावसाळी फलकांवर क्वचित असतो.

हे प्रश्न विचारण्याची एक नेहमीची जागा पालिकेतच होती. नगरसेवकांच्या आरोग्य समितीत औषधांचा साठा, रिक्त पदे, रक्तपेढ्यांचे कामकाज यांवर प्रशासनाला उत्तरे द्यावी लागत, मग ती कितीही गुळमुळीत असोत. ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राष्ट्रीय कार्यक्रमाची मुंबईतील घडी बसायची होती, नेमक्या त्याच काळात समिती नव्हती, आणि माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करून उत्तराची वाट पाहणे एवढेच नागरिकाच्या हाती उरले.