सर्ट्रालिनचे वेळापत्रक: नैराश्यावरची गोळी सुरू करताना आणि सोडताना

नैराश्यावर सर्ट्रालिनची गोळी सुरू केलेले अनेक रुग्ण आठवडाभरात एकच तक्रार घेऊन डॉक्टरांकडे परततात: मळमळते, झोप उडाली आहे, आणि मन मात्र होते तसेच आहे. तक्रार खरी असते, पण तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण या औषधाचे दुष्परिणाम आधी जाणवतात आणि गुण मागाहून येतो. हा क्रम पहिल्याच भेटीत समजावून सांगितला नाही, तर गोळी बहुधा गुण येण्याच्या आतच बंद होते.

सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम ही सारी 'एसएसआरआय' नावाच्या एकाच गटातील औषधे आहेत. एक चेतापेशी दुसरीला संदेश देताना दोघींमधल्या सूक्ष्म फटीत सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सोडते आणि नंतर एका वाहक प्रथिनामार्फत ते पुन्हा आत ओढून घेते. औषध या वाहकाला अडवते आणि हे काम पहिल्या मात्रेनंतर काही तासांतच होते. तरीही मन सावरू लागायला साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात. याचे एक प्रमुख स्पष्टीकरण असे की, फटीतले सेरोटोनिन वाढताच ते सोडणाऱ्या पेशीवरचे नियंत्रक ग्राही (ते रसायन टिपणारी प्रथिने) तिचा वेग कमी करतात. हे ग्राही हळूहळू बोथट होतात आणि पुढे चेतापेशींच्या परस्परजोडण्यांतही बदल होतात. 'नैराश्य म्हणजे मेंदूतील सेरोटोनिनची कमतरता' हे वाक्य सुटसुटीत असले तरी या आठवड्यांचा उलगडा त्यातून होत नाही. ते आता वापरातून गेलेलेच बरे.

मळमळ का होते, हे मात्र सरळ आहे. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते, त्यामुळे पोट बिघडणे, भूक मंदावणे किंवा पातळ शौचास होणे ही पहिल्या आठवड्यांची नेहमीची लक्षणे असतात आणि ती बहुतेकांची आपोआप ओसरतात. रक्तातील बिंबिकाही (प्लेटलेट) याच वाहकाच्या साहाय्याने सेरोटोनिन साठवतात आणि रक्त गोठवताना ते वापरतात. म्हणून या गोळीबरोबर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेतल्यास रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डोकेदुखीवर स्वतःच्या मनाने वेदनाशामक घेणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. वयस्क व्यक्तींमध्ये, विशेषतः लघवी वाढवणारी औषधे चालू असल्यास, रक्तातील सोडियम उतरू शकते. अशा वेळी आलेला गोंधळलेपणा किंवा तोल जाणे वयाच्या खात्यावर टाकू नये, रक्त तपासून घ्यावे. लैंगिक इच्छा किंवा समाधान कमी होणे हा तर बराच आढळणारा परिणाम आहे, पण रुग्ण संकोचतो, डॉक्टर विचारत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद होते. मात्रा किंवा औषध बदलून यावर पुष्कळदा मार्ग निघतो, तेव्हा तोंड उघडलेले केव्हाही चांगले.

सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलल्यावर वयाने लहान रुग्णांवर विशेष लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्ये मुले व किशोरवयीन यांच्यासाठी आत्महत्येच्या विचारांविषयी ठळक इशारा या औषधांवर छापायला लावला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. एका जागी बसवेनाशी अस्वस्थता, एकाएकी वाढलेली चिडचिड किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेशिवाय दिवसच्या दिवस काढण्याचा काळ येऊन गेला असल्यास तोही आधीच सांगावा, कारण उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या बायपोलर विकारात निव्वळ हे औषध दिल्याने उन्माद उसळू शकतो.

सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधे एकत्र आली, तर ताप, घाम, थरथर, स्नायूंचे झटके, जुलाब आणि भ्रम अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि नैराश्यावरची 'एमएओआय' ही जुनी औषधे यांत मोडतात. सर्ट्रालिन थांबवल्यावर एमएओआय सुरू करण्यापूर्वी किमान 14 दिवस जावे लागतात, फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत सुमारे पाच आठवडे.

एकाच गटातील औषधांत एवढा फरक पडतो तो अर्धायुष्यामुळे, म्हणजे रक्तातील औषध निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळामुळे. पॅरोक्सेटिनला त्यासाठी सुमारे 21 तास लागतात, सर्ट्रालिनला 26 तासांच्या आसपास. फ्लुओक्सेटिनचे शरीरात बनणारे क्रियाशील रूप निम्म्यावर यायला मात्र एक ते दोन आठवडेही लागू शकतात. त्यामुळे फ्लुओक्सेटिन स्वतःच हळूहळू उतरते, तर पॅरोक्सेटिन एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवसांतच चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि मान किंवा डोळे वळवताच डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना सुरू होऊ शकते.

बरे वाटू लागल्यावरही गोळी निदान सहा महिने चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो आणि त्यानंतर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. हे टप्पे सारखे असावेत असे वाटते, पण वाहकाचे गणित सरळ रेषेचे नाही. याच गटातील सिटॅलोप्रॅमच्या 20 मिलिग्रॅमने सुमारे 80 टक्के वाहक अडतात आणि जेमतेम साडेतीन मिलिग्रॅमनेही निम्मे अडलेले राहतात. म्हणजे 20 वरून 10 वर येणे बहुतेकांना सोपे जाते, तर शेवटच्या पाच मिलिग्रॅमवरून शून्यावर उतरणे ही सर्वांत मोठी उडी ठरते. दीर्घकाळ औषध घेतलेल्यांसाठी हे अखेरचे टप्पे फार लहान करावे लागतात आणि त्यासाठी काही वेळा गोळीऐवजी द्रवरूप औषध वापरतात.

उतरवताना त्रास झाला की आजार उलटला असे समजून रुग्ण घाबरतो. दोन्हींतला फरक बहुधा वेळेवरून कळतो: औषध कमी केल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, त्यात चक्कर आणि झटक्यांसारखी शारीरिक लक्षणे असतात आणि आधीच्या मात्रेवर परतल्यास तो लवकर शमतो, नैराश्य उलटते ते सहसा कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू. म्हणून प्रत्येक मात्रा कोणत्या तारखेला बदलली आणि कोणते लक्षण कधी सुरू झाले, याची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी.