इमोजी, कोकणातील वापर

मोबाइलवरील संदेशात अक्षरांच्या जोडीला किंवा अक्षरांऐवजी येणारे छोटे चित्र. कोकणात त्याला सरसकट ‘स्मायली’ म्हणतात, मग चित्र खेकड्याचे का असेना. शब्द जपानी आहे : ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर, इंग्रजीतल्या ‘इमोशन’शी त्याचे नाते नाही. शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये डोकोमो या जपानी कंपनीसाठी १७६ चित्रे आखली. जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना संगणकासाठी सामायिक क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोडने २०१० मध्ये इमोजींनाही तसे संकेतांक दिले आणि एका बनावटीच्या फोनवरून धाडलेले चित्र दुसऱ्यावरही उमटू लागले.

किनाऱ्यावरच्या गावांत इमोजीची खरी वर्दळ असते ती वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर. गावकरी आणि मुंबईचे चाकरमानी तिथेच भेटतात. सर्वांत राबणारे चिन्ह जोडलेल्या हातांचे. जपानमध्ये ते विनंती किंवा आभार सांगते. इथे ते नमस्कार, देवाला गाऱ्हाणे, माफी आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही सगळी कामे एकट्याने निभावते. गणपतीचे चिन्ह संचात नाही, म्हणून चतुर्थीला जास्वंदीचे फूल पाठवतात. निवड अचूक आहे, कारण बाप्पाला तेच फूल लागते. ‘अंगठा दाखवणे’ म्हणजे मराठीत नकार किंवा फसवणूक. फोनवर मात्र तोच अंगठा होकार ठरला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा म्हणजे रडणारा, असे समजून वयस्कर माणसे तो निधनाच्या बातमीखाली टाकतात. मग कुणीतरी त्यांना हळूच फोन करून तो पुसायला सांगतो.

माशांच्या बाबतीत मात्र हा संच अगदीच तोकडा. खेकडा २०१५ मध्ये आला, कोळंबी २०१६ मध्ये. पण सुरमई, बांगडा, तारली या सगळ्यांना तोच एक निळसर मासा. त्यामुळे ‘आज बांगडो गावलो’ हे अक्षरांतच लिहावे लागते, मासा नुसता शेपटीला. नारळाचे चिन्ह २०१७ चे. त्याआधी नारळी पौर्णिमेच्या शुभेच्छा माडावर भागत. आंबा २०१८ मध्ये दाखल झाला, आणि कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेही त्याच वर्षी. पण बहुतेक फोनांवर त्या आंब्याला लालसर छटा असते, आणि बागायतदाराच्या नजरेला तो हापूस वाटणे कठीण. फणस आणि कोकम यांना अजून चिन्हच नाही.

साध्या एसएमएसला इमोजी महाग पडतो. रोमन लिपीत लिहिले तर एका संदेशात १६० अक्षरे मावतात. एक इमोजी घातला की मर्यादा ७० वर येते, आणि बहुतेक इमोजी त्यातल्याही दोन जागा खातात. देवनागरीची मर्यादा मुळातच ७०. घाटात डेटा गेल्यावर ‘पोचलो’ एवढेच लिहिणाऱ्याला दोन्हीचा फरक पडत नाही.